दारू सुटल्यानंतर सुरू होणारा उपचार

एसटी स्थानकाच्या भिंतींवर, लोकलच्या डब्यांत आणि वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिरातींत ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही ओळ महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाचायला मिळते. पिणे थांबले की आजार संपला आणि ते थांबवायला रुग्णाची संमतीही लागत नाही, अशा समजुतीवर ही जाहिरात चालते. वैद्यकशास्त्राचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. शरीराला दारूवाचून राहायला लावण्याचे काम बहुतेक रुग्णांत सात-दहा दिवसांत उरकते. ती पुन्हा तोंडाला लागू नये यासाठीचे काम मात्र कित्येक महिन्यांचे, बहुधा काही वर्षांचे असते आणि रुग्णाला सोबत घेतल्याशिवाय ते होतच नाही. आपल्याकडे कुटुंबाचा सगळा पैसा आणि धीर पहिल्याच कामात संपून जातो.

अर्थात, पहिले कामही घरच्या घरी उरकण्यासारखे नाही. मेंदूतील चेतापेशींना शांत ठेवणारे ‘गाबा’ आणि त्यांना उत्तेजित करणारे ‘ग्लुटामेट’ या दोन रसायनांचा तोल मद्यामुळे शांततेच्या बाजूला झुकतो. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू हा तोल सावरण्यासाठी गाबाला दाद देणे कमी करतो आणि ग्लुटामेटचा जोर वाढवतो. अशा स्थितीत दारू एकाएकी बंद झाली, की उत्तेजनाला आवर घालणारे काहीच उरत नाही. शेवटच्या पेल्यानंतर सहा ते बारा तासांत हात इतके थरथरू लागतात, की चहाचा कप बशीत ठेवता येत नाही. दरदरून घाम येतो, उलट्या होतात, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत अपस्मारासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्णांना ‘डेलिरियम ट्रेमेन्स’ ही अवस्था गाठते. आपण कुठे आहोत याचे भान रुग्णाला राहत नाही, तो चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतो, भिंतीवर साप दिसल्याने ओरडतो. ताप आणि रक्तदाब वाढत जातो. ही अवस्था उपचारांअभावी जीव घेऊ शकते. अनेक घरांत मात्र तिच्याकडे वेड किंवा बाहेरची बाधा म्हणून पाहिले जाते आणि रुग्णाला खोलीत कोंडून ठेवले जाते, ही फार दुःखाची गोष्ट आहे, कारण डायझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइडसारखी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली देऊन त्यांची मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवली, तर बहुतेक रुग्ण या दिवसांतून सुखरूप बाहेर पडतात.

याच टप्प्यावरची एक बाब प्रत्येक नातेवाइकाला ठाऊक असायला हवी. पिणाऱ्याचे जेवण वर्षानुवर्षे तुटलेले असते आणि त्याच्या शरीरात थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा, तुटवडा झालेला असतो. अशक्तपणा आला म्हणून त्याला थेट ग्लुकोजचे सलाईन लावले, तर ते ग्लुकोज वापरताना उरलेसुरले थायमिनही खर्ची पडते आणि मेंदूला इजा होऊन स्मरणशक्ती कायमची जाण्याचा धोका उद्भवतो. म्हणून सलाईनच्या आधी किंवा निदान त्याच्या सोबत थायमिनचे इंजेक्शन दिले जाते. दाखल करतानाच ‘हे रोज पितात’ असे डॉक्टरांना स्पष्ट सांगणे म्हणूनच आवश्यक आहे. लाजेपोटी ते लपवले, तर रुग्णाचेच नुकसान होते.

२०२०च्या मार्चमध्ये देशभरातील दारूची दुकाने एका रात्रीत बंद झाली, तेव्हा बेंगळुरूमधील डॉक्टरांनी झटके आणि भ्रमासह येणारे रुग्ण वाढल्याची नोंद केली. पुढच्या वर्षी, एप्रिल २०२१मध्ये, टाळेबंदीत दारू मिळेना म्हणून यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे सॅनिटायझर पिऊन सात जणांचा मृत्यू झाला. नुसता पुरवठा तोडण्याला उपचार म्हणता येत नाही, हे इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच दिसले असेल.

दहा-पंधरा दिवसांनी भूक परतते, चेहऱ्यावर तजेला येतो, आणि घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. मेंदूच्या आत मात्र फारसे काही मिटलेले नसते. डोपामाइन या रसायनाच्या साहाय्याने मेंदूने दारूशी जोडलेल्या खुणा खोलवर नोंदवून ठेवलेल्या असतात: संध्याकाळची ठरावीक वेळ, पगाराचा दिवस, चखण्याचा वास, आषाढातली गटारी, मित्राचा ‘बसायचं का?’ एवढाच फोन. खूण समोर येताच, घोट घेण्याआधीच, ओढ उसळते आणि तिला थोपवणारा मेंदूचा पुढचा भाग अजून पुरता सावरलेला नसतो. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांवर ली रॉबिन्स यांनी १९७०च्या दशकात केलेला अभ्यास या संदर्भात महत्त्वाचा आहे. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात सुमारे ५ टक्केच पुन्हा व्यसनाधीन झाले, कारण त्या व्यसनाच्या सगळ्या खुणा युद्धभूमीवर मागे राहिल्या होत्या. आपल्याकडचा रुग्ण मात्र उपचार केंद्रातून थेट त्याच नाक्यावर, त्याच मित्रांत परत येतो.

ओढ कमी करणारी औषधे आहेत आणि ती फारच कमी वापरली जातात. नाल्ट्रेक्सोन पिण्यातून मिळणारे सुख बोथट करते; अकॅम्प्रोसेट ग्लुटामेटची अस्वस्थता शमवण्यास मदत करते, असे मानले जाते. डायसल्फिरामची गोष्ट वेगळी आहे. दारूपासून यकृतात तयार होणाऱ्या असिटाल्डिहाइडचे विघटन ते रोखते. म्हणून गोळी घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. ज्याला हे माहीत आहे आणि ज्याने ते स्वीकारले आहे, त्याच्यासाठी ही गोळी चांगला पहारा ठरते. तिचा प्रभाव शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो आणि तेवढ्या काळात आसव-अरिष्टे किंवा अल्कोहोल असलेले खोकल्याचे औषधही टाळावे लागते. मात्र हीच गोळी आमटीत मिसळून नकळत दिली आणि त्या माणसाचे हृदय आधीच कमजोर असले, तर तो दगावू शकतो. सुरुवातीला सांगितलेल्या जाहिरातींतील पुड्यांत नेमके काय असते हे विकत घेणाऱ्याला कळण्याचा मार्ग नसतो, म्हणून त्यांना ठाम नकार द्यावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

औषधांइतकेच काम माणसांची सोबत करते. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे ‘एए’, ही चळवळ १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपींच्या भेटीतून सुरू झाली. आज महाराष्ट्रातही अनेक गावांत तिच्या सभा भरतात. तिथे फी नसते, आडनाव विचारले जात नाही, आणि ‘फक्त आजचा दिवस’ पिणार नाही एवढाच संकल्प केला जातो. हा केवळ भाबडेपणा असेल, अशी शंका अनेक डॉक्टरांनाही होती. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्याने २७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा एए-आधारित पद्धतशीर कार्यक्रमात एका वर्षानंतर ४२ टक्के, तर इतर उपचारांत ३५ टक्के लोक पूर्ण मद्यमुक्त आढळले. फरक प्रचंड नाही. तरी फुकट मिळणाऱ्या मदतीच्या मानाने तो फार मोलाचा आहे.

पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने हीच सोबत मराठी मातीत रुजवली. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्याविषयी अनिल अवचट यांनी लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र उभे राहिले. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते होतात, आणि रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो. पतीचे पिणे लपवता लपवता स्वतःची झोप, कमाई आणि नातेवाईक गमावलेल्या स्त्रीलाही उपचार लागतात, हे इथे ओळखले गेले.

तरीही अनेकांची ‘स्लिप’ होते, म्हणजे सुटलेले व्यसन पुन्हा सुरू होते. व्यसनाच्या उपचारांनंतर ४० ते ६० टक्के रुग्णांत आजार उलटतो आणि उच्च रक्तदाब किंवा दम्यातही हे प्रमाण जवळपास तेवढेच असते, असे या क्षेत्रातील गाजलेल्या आढाव्यात दाखवले गेले आहे. दमा पुन्हा उफाळला की आपण डॉक्टर गाठतो. दारू पुन्हा सुरू झाली की माणसाला घराबाहेर काढतो. स्लिपनंतरचे पहिले काही दिवस सर्वांत महत्त्वाचे असतात. भांडण किंवा शपथा न करता त्याच आठवड्यात समुपदेशकाकडे परत जाणे, औषधांचा फेरविचार करून घेणे आणि सभेत जाऊन झाले ते सांगणे, एवढे झाले तर बरेच नुकसान टळते. गर्द किंवा इतर अफूजन्य पदार्थ सोडलेल्यांच्या बाबतीत धोका अधिक असतो, कारण खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि पूर्वीचीच मात्रा श्वास थांबवू शकते. हे रुग्णाला आणि घरच्यांना केंद्रातून निघण्यापूर्वीच सांगितले गेले पाहिजे.

२०१९च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ भारतीयांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारची मदत मिळते. जिल्हा रुग्णालयाचा मानसोपचार विभाग, व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ ही मदतीची दारे उपलब्ध आहेत. पिणारा तयार नसला, तरी त्याची पत्नी, आई किंवा मोठे झालेले मूल तिथे एकट्याने जाऊन सल्ला घेऊ शकते.