वनस्पतींचे विषाणुरोधक संरक्षण

विषाणूचा शिरकाव ओळखणे, त्याचे गुणन रोखणे आणि त्याला शेजारच्या पेशीत जाऊ न देणे या वनस्पतींमधील उपजत यंत्रणांचा समुच्चय. प्राण्यांप्रमाणे वनस्पतींत रक्तातून फिरणाऱ्या प्रतिरक्षा पेशी वा प्रतिपिंडे नसतात. प्रत्येक जिवंत पेशीला बचाव स्वतःच करावा लागतो व धोक्याची सूचना पुढे पाठवावी लागते. हा बचाव तापमान, पाण्याचा ताण व प्रकाश यांच्यावर इतका अवलंबून असतो की अजैविक ताणाचा विचार बाजूला ठेवून त्याचे वर्णन अपुरेच राहते.

पेशीत प्रवेश : जाड पेशीभित्तीमुळे विषाणू स्वतःहून आत शिरू शकत नाही. मावा, पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे, सूत्रकृमी, छाटणीची अवजारे किंवा कलम यांच्याद्वारे झालेल्या जखमेतून तो बहुधा आत येतो. पुढे पेशीभित्तीतील प्लाझ्मोडेस्माटा या सूक्ष्म मार्गांतून शेजारच्या पेशीत आणि शेवटी रसवाहिनीतून (परिकाष्ठातून) सर्व झाडभर पसरतो. या मार्गांच्या तोंडाशी कॅलोज हे बहुशर्करा साठवून वनस्पती वाट अरुंद करते. उलट बीटा-१,३-ग्लुकनेज हे एन्झाइम कॅलोज विरघळवते. ते कवकांविरुद्ध उपयोगी असले तरी विषाणूला मात्र वाट मोकळी करून देते. ग्लुकनेज कमी असलेल्या तंबाखूच्या झाडांत टोबॅको मोझॅक विषाणूचे (टीएमव्ही) व्रण लहान राहतात. रोगानंतर वाढणारे प्रत्येक प्रथिन संरक्षकच असते हा समज त्यामुळे टिकत नाही.

प्रतिकारक जनुके व स्थानिक व्रण : निकोटियाना ग्लुटिनोसा या तंबाखूच्या रानटी प्रजातीच्या पानावर टीएमव्ही चोळल्यास सर्वांगी मोझॅक (पानभर फिकट-गडद चट्टे) न होता फक्त ठिपक्यांएवढे मृत व्रण उठतात, असे एफ. ओ. होम्स यांनी १९२९ मध्ये दाखविले. या गुणधर्माचे ‘एन’ जनुक पुढे लागवडीच्या तंबाखूत आणले गेले आणि १९९४ मध्ये ते वेगळे करण्यात आले. त्याचे प्रथिन टीएमव्हीच्या प्रतिकृती-एन्झाइममधील हेलिकेज (आरएनएचे पदर उलगडणारा) भाग ओळखते. ओळख पटताच कॅल्शियमचा ओघ, क्रियाशील ऑक्सिजन संयुगे, सॅलिसिलिक आम्ल (बचावाचा संकेत देणारे संप्रेरक) आणि शेवटी पेशीमृत्यू असा क्रम घडतो. यालाच अतिसंवेदनशील प्रतिक्रिया म्हणतात.

व्रणांची मोजणी ही विषाणूचे प्रमाण ठरविण्याची जुनी, पण आजही विश्वासार्ह रीत आहे. रोगट पान ०.०१ ते ०.१ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच सु. ७) वाटून गाळतात. पूर्ण उघडलेल्या पानावर बारीक कार्बोरंडम (खरखरीत, सूक्ष्म ओरखडे पाडणारी) पूड भुरभुरून रस हलक्या बोटाने चोळतात व लगेच पाण्याने धुतात. २० ते २५ अंश सेल्सिअस तापमानात २ ते ४ दिवसांत व्रण मोजता येतात. दोन झाडांची वा दोन पानांची संवेदनशीलता सारखी नसल्याने तुलना एकाच पानाच्या दोन अर्ध्यांवर करतात. एका अर्ध्यावर प्रमाण नमुना, दुसऱ्यावर तपासायचा नमुना. दाब जास्त पडला तर पानाची त्वचा फाटून जखमेचे डाग उठतात आणि ते व्रण म्हणून मोजले जातात. म्हणून नुसता बफर चोळलेले एक पान सोबत ठेवणे आवश्यक असते. पूड धुतली गेली नाही तरी अशीच गफलत होते.

सर्वांत मोठा घोटाळा तापमानामुळे होतो. सुमारे २८ अंशांच्या वर ‘एन’ जनुकाची ओळखयंत्रणा निकामी होते व विषाणू व्रण न उठवता झाडभर पसरतो. असे झाड नंतर २२ अंशांच्या आसपास आणले, तर जनुक पुन्हा कार्यरत होते; पण तोवर विषाणू सर्वत्र पोहोचलेला असल्याने सर्व ऊती एकाच वेळी मरू लागतात आणि शेंडा एक-दोन दिवसांत कोलमडतो. बचावाची यंत्रणा उशिरा जागी झाल्यास ती रोगापेक्षा घातक ठरते, हे या प्रयोगात डोळ्यांसमोर दिसते.

विषाणूला नेमका पेशीमृत्यूच अडवतो का, याबाबत मतभेद आहेत. मेलेल्या पेशीत विषाणूची उपासमार होते, हे जुने स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांत अद्याप आढळते. परंतु व्रणाच्या कडेबाहेरील जिवंत पेशींतही टीएमव्ही सापडतो. बटाट्यातील ‘आरएक्स’ जनुक तर पोटॅटो व्हायरस एक्सला कोणताही दृश्य व्रण न उठवता रोखते. पेशीमृत्यू हे अडवणुकीचे कारण नसून तीव्र संकेताचा परिणाम असावा, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

काही प्रतिकार याच्या अगदी उलट प्रकारचे आहेत. पोटीविषाणूंना (बटाट्याच्या ‘वाय’ विषाणूच्या गटातील विषाणूंना) स्वतःची प्रथिने बनविण्यासाठी यजमानाच्या ईआयएफ-४ई या घटकाची गरज असते. त्या घटकाच्या जनुकात योग्य बदल झाला की विषाणूचे व्हीपीजी (त्याच्या आरएनएच्या टोकाला जोडलेले) प्रथिन त्याला चिकटत नाही आणि संसर्ग तिथेच थांबतो. मिरचीतील ‘पीव्हीआर’, लेट्युसमधील ‘मो-१’ आणि वाटाण्यातील ‘एसबीएम-१’ ही जनुके या प्रकारची असून ती अप्रभावी (रिसेसिव्ह) आहेत. त्यामुळे संकरित वाणात हा प्रतिकार हवा असेल तर नर व मादी दोन्ही वाणांत ते जनुक असावे लागते.

सर्वांगी अर्जित प्रतिकार : एका पानावर व्रण उठल्यानंतर त्याच झाडाची वरची पाने दुसऱ्या संसर्गाला कमी बळी पडतात, हे ए. एफ. रॉस यांनी १९६१ मध्ये तंबाखूत सिद्ध केले. १९७९ मध्ये आर. एफ. व्हाइट यांना तंबाखूच्या पानात ॲस्पिरिन टोचल्यास टीएमव्हीचे व्रण घटतात असे आढळले. सॅलिसिलिक आम्लाकडे लक्ष वेधले गेले ते तेव्हापासून.

पानातून पुढे जाणारा संदेश कोणता, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा राहिला. सॅलिसिलिक आम्लच रसवाहिनीतून जाते असे प्रथम मानले गेले. ते तपासण्यासाठी जिवाणूतील ‘एनएएचजी’ जनुक तंबाखूत घालण्यात आले. त्याचे एन्झाइम सॅलिसिलिक आम्लाचे कॅटेकॉल बनवते, त्यामुळे अशा झाडात आम्ल साचत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कलम-प्रयोगात असे झाड खुंट म्हणून वापरून त्यावर साध्या तंबाखूची कलमकाडी बांधली. खुंटाच्या पानाला संसर्ग दिल्यावर वरच्या काडीत प्रतिकार निर्माण झाला. उलट मांडणीत, म्हणजे काडी ‘एनएएचजी’ची व खुंट साधा असता, तो झाला नाही. याचा सरळ अर्थ असा की आम्ल पोहोचण्याच्या जागी अत्यावश्यक आहे, निघण्याच्या जागी नाही. ‘एनएएचजी’ झाडात संसर्गानंतर थोडे आम्ल शिल्लक राहते, हा आक्षेप घेतला गेला. नंतर मिथाइल सॅलिसिलेट (२००७) व एन-हायड्रॉक्सिपिपेकोलिक आम्ल (२०१८) हे संदेशवाहक म्हणून पुढे आले. दुसऱ्याच्या बाजूचा पुरावा सध्या अधिक भक्कम आहे. तथापि तो मुख्यतः ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतील नमुना-वनस्पतीत व जिवाणूंविरुद्ध मिळालेला असून विषाणूंबाबत तसाच लागू करताना सावधगिरी बाळगावी लागते.

आरएनए मूकन : आरएनए ओळखून, तोडून ते निष्प्रभ (मूक) करणारा, प्रतिकारक जनुक नसलेल्या वनस्पतीतही चालणारा हा मूलभूत बचाव आहे. टोबॅको रिंगस्पॉट विषाणूने ग्रस्त तंबाखूची नवी पाने निरोगी निघतात व त्यांना पुन्हा तोच रोग होत नाही, असे एस. ए. विंगार्ड यांनी १९२८ मध्ये नोंदविले होते. त्याचा उलगडा पुढे सत्तर वर्षे झाला नाही. १९९० मध्ये पेट्युनियाच्या फुलांचा जांभळा रंग गडद करण्यासाठी रंगद्रव्याचे जादा जनुक घातले असता काही फुले पांढरी झाली, म्हणजे जादा जनुकासह मूळ जनुकही मूक झाले. १९९९ मध्ये ए. हॅमिल्टन व डी. बॉलकोंब यांना अशा मूक झालेल्या व विषाणुग्रस्त झाडांत सुमारे २५ न्यूक्लिओटाइड लांबीचे आरएनए तुकडे सापडले आणि दोन्ही घटनांचा धागा जुळला.

विषाणूचे दुपदरी आरएनए डायसरसदृश (डीसीएल) एन्झाइमे कापतात : डीसीएल-४ हे २१, डीसीएल-२ हे २२ व डीसीएल-३ हे २४ न्यूक्लिओटाइडचे तुकडे करते. हे तुकडे आर्गोनॉट प्रथिनात बसून जुळणारे विषाणू-आरएनए शोधतात व तोडतात. आरडीआर-६सारखी एन्झाइमे नव्या दुपदरी प्रती बनवून संदेश वाढवतात. शेंड्याच्या विभज्या (सतत विभागणाऱ्या पेशींच्या) ऊतीत विषाणू क्वचितच शिरतो, त्यामागे आरडीआर-६चाही वाटा आहे. डीएनए विषाणूंविरुद्ध २४ न्यूक्लिओटाइडचे तुकडे विषाणूच्या डीएनएचे मिथिलीकरण (जनुक बंद पाडणारा रासायनिक बदल) घडवितात.

विषाणूंनी यावर तोड काढली आहे. टोम्बसविषाणूंचे पी-१९ प्रथिन २१ न्यूक्लिओटाइडचे जोडतुकडे नेमकी लांबी मापून पकडून ठेवते. पोटीविषाणूंचे एचसी-प्रो व काकडी मोझॅक विषाणूचे २बी हीही मूकनविरोधी प्रथिनेच. ‘नवी पाने सुधारली म्हणजे विषाणू नष्ट झाला’ असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. टोमॅटो रिंगस्पॉटच्या काही प्रयोगांत लक्षणे गेल्यावरही विषाणू-आरएनए फारसे घटलेले नव्हते. अशा झाडाचे डोळे वा काड्या लागवडीसाठी घेणे धोक्याचे असते.

तापमान व पाण्याचा ताण : प्रतिकारक जनुके उष्णतेत दुबळी पडतात, तर मूकन थंडीत मंदावते. १५ अंशांच्या आसपास लहान आरएनए तुकडे अत्यल्प बनतात व लक्षणे तीव्र होतात. २४ ते २७ अंशांत तुकडे वाढतात. म्हणूनच काही विषाणूंची लक्षणे उन्हाळ्यात झाकली जातात. रोगमुक्त रोपांसाठी झाडे काही आठवडे ३५ ते ३८ अंशांत ठेवून ०.२ ते ०.५ मिलिमीटरचा शेंडा संवर्धनासाठी घेतात. शेंडा याहून मोठा घेतल्यास विषाणू सोबत येतो. फार लहान घेतल्यास तो जगत नाही.

पाणी कमी पडले की ॲब्सिसिक आम्ल (ताणाचे संप्रेरक) वाढते व पर्णरंध्रे मिटतात. हेच आम्ल ग्लुकनेज दाबून कॅलोज टिकवते, म्हणजे विषाणूची चाल मंदावते. पण सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गाला ते बहुधा विरोध करते. याउलट काकडी मोझॅकसारख्या विषाणूंनी ग्रस्त झाडे पाण्याच्या ताणात निरोगी झाडांपेक्षा उशिरा कोमेजल्याचे २००८ मध्ये दाखविण्यात आले. हे निष्कर्ष नियंत्रित परिस्थितीतील आहेत.

भेंडीचा केवडा : शिरा पिवळ्या पाडणारा हा रोग (हळद्या) मुंबई इलाख्यातून १९२४ मध्ये प्रथम नोंदला गेला. सुमारे २,७०० न्यूक्लिओटाइडचा वर्तुळाकार डीएनए असलेला बेगोमोविषाणू व त्याचा बीटा-उपग्रह (विषाणूवर अवलंबून असलेला छोटा डीएनए रेणू) यांच्यामुळे तो होतो, आणि पांढरी माशी त्याचा प्रसार करते. उपग्रहाचे बीटासी-१ प्रथिन मूकन दाबते. हा विषाणू रस चोळून संक्रमित होत नसल्याने वाणांची परीक्षा माशी सोडून वा कलम बांधून घ्यावी लागते. माशी कमी असलेल्या हंगामात शेतावर ‘प्रतिकारक’ दिसलेला वाण पुष्कळदा केवळ रोगातून निसटलेला असतो.

पुसा सावनी या वाणाचा प्रतिकार काही वर्षांतच ढासळला. त्यानंतर परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठात ॲबेलमोस्कस मॅनिहॉट या रानटी प्रजातीतील प्रतिकार पुसा सावनीत आणून परभणी क्रांती हा वाण १९८०च्या दशकात तयार झाला. या प्रतिकाराच्या आनुवंशिकतेविषयी एकमत नाही. १९६२च्या एका अभ्यासात दोन अप्रभावी जनुके, १९७६ मध्ये दोन पूरक प्रभावी जनुके, तर १९८१ मध्ये एन. डी. जांभळे व वाय. एस. नेरकर यांनी एकच प्रभावी जनुक मानले. प्रत्येकाचे प्रतिकार-स्रोत वेगळे होते, त्यामुळे तिन्ही निष्कर्ष आपापल्या संकरापुरते खरे असू शकतात; रानटी स्रोताबाबत मात्र तिसरे मत अधिक पटण्याजोगे आहे. परभणी क्रांतीवरही पुढे अनेक ठिकाणी केवडा दिसू लागला. रोगट झाडे लक्षण दिसताच उपटणे, बांधावरील रानभेंडीसारखी तणे काढणे आणि पांढऱ्या माशीवर पहिल्या पानांपासून लक्ष ठेवणे ही कामे प्रतिकारक वाण लावूनही टळत नाहीत.