पाचपट मजबूत, पण नेमकं काय?

‘कार्बन फायबर पोलादाच्या पाचपट मजबूत’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. पाठोपाठ प्रश्नही ठरलेला: मग कंपोझिटवर (तंतू आणि राळ मिळून बनलेल्या साहित्यावर) पीएचडी करायला उरलंय काय?

आकडा अगदीच खोटा नाही, पण तो सुट्या तंतूचा आहे. टी-३०० जातीच्या तंतूची ताणशक्ती, म्हणजे तुटण्याआधी सोसलेला ताण, सुमारे ३५०० मेगापास्कल. नुसता तंतू विमानाला कोण लावतो? इपॉक्सी नावाच्या राळेत बसवला की तंतूंच्या दिशेने ही ताणशक्ती दीड हजाराच्या आसपास येते, आणि आडवं ओढलं तर जेमतेम ५०! म्हणून याचे पातळ थर एकावर एक, तंतू ०, ४५, ९० अंशांत ठेवून रचतात आणि ताकद दिशादिशांत वाटली जाते. खरा फायदा वजनाचा. तेवढ्याच आकाराचं पोलाद जवळपास पाचपट जड.

खरी डोकेदुखी थरांमध्ये आहे. पंखावर पाना पडला, तर वर खड्डा दिसेल न दिसेल. आत मात्र थर सुटलेले. मग दाब सोसायची ताकद निम्म्यावरही येऊ शकते. पीएचडीचे विद्यार्थी कंपोझिटच्या पट्ट्यांवर मोजून वजन टाकतात, अल्ट्रासाउंडने आत बघतात, मग पट्टी दाबून मोडतात. सुटलेला थर पुढे कसा पसरेल, हे चाचणीआधी खात्रीने सांगणं अजूनही अवघड आहे.