९९०० एमएएचचा सेल आणि टॉर्चच्या नळीतला धोका

बाजारातल्या कितीतरी चार्जिंगच्या टॉर्चमध्ये लाल किंवा निळ्या वेष्टनातला एक जाडसर सेल मिळतो. त्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं: ३.७ व्होल्ट, ९९०० एमएएच. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप. ९९०० हा आकडा खोटा आहे. सेल कोणी बनवला, कोणी विकला हे बघायचीही गरज नाही. या मापाच्या लिथियम-आयन सेलमध्ये एवढी वीज साठवणं आज जगात कोणालाच जमलेलं नाही.

या सेलला १८६५० म्हणतात. नावातच मापं आहेत, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन सेल पहिल्यांदा बाजारात आणले. तेव्हापासून पॅनासॉनिक, सॅमसंग, एलजी यांच्यासारख्या कंपन्या या एवढ्याशा डब्यात जास्तीत जास्त वीज कशी कोंबता येईल यावर काम करत आल्या आहेत. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर त्यांचे उत्तम सेल ३५०० एमएएचच्या आसपास पोचले. ३.६ व्होल्टने गुणलं की सेलमधली ऊर्जा होते सुमारे साडेबारा वॉट-तास. ९९०० चा दावा, त्यावर छापलेल्या ३.७ व्होल्टसकट, खरा मानला तर त्याच डब्यात साडेछत्तीस वॉट-तास मावायला हवेत, म्हणजे जवळजवळ तिप्पट. असा सेल कोणाला खरोखर बनवता आला असता तर तो टॉर्चसोबत फुकट मिळाला नसता, जगातल्या सगळ्या मोटार कंपन्या त्याच्या दारात रांग लावून उभ्या राहिल्या असत्या. (५००० एमएएचचे सेल मात्र खरे असू शकतात. पण ते २१७०० या मापाचे, म्हणजे जाडीला आणि लांबीला थोडे मोठे असतात. १८६५० वर ५००० लिहिलेलं दिसलं तर तेही खोटंच.)

मग त्या वेष्टनाच्या आत असतं तरी काय? आधी चांगला सेल बघू. त्याचं पोट सुरळीच्या वडीसारखं असतं. ग्रॅफाइटचा लेप दिलेला तांब्याचा पातळ पत्रा, निकेल-कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचा लेप दिलेला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आणि दोघांच्या मध्ये केसाहूनही पातळ प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, हे सगळं घट्ट गुंडाळून स्टीलच्या डब्यात बसवलेलं. लिथियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, या पडद्यातून इकडून तिकडे जातात, तेव्हा सेल चार्ज होतो किंवा उतरतो. म्हणजे वीज मावते ती या लेपांमध्ये. लेप कमी तर वीज कमी, आणि लेप कमी तर वजनही कमी.

इथेच चोरी पकडता येते. खरा १८६५० सेल साधारण ४५ ते ४९ ग्रॅम भरतो. किराणा दुकानातल्या डिजिटल काट्यावर ठेवून बघा. ३० किंवा ३५ ग्रॅम भरला तर आत गुंडाळी पुरती भरलेली नाही. काही बनावट सेलच्या पोटात तर दुसराच लहान सेल आणि भोवती भुकटी भरलेली निघते. असा सेल हजार एमएएचही देत नाही.

काटा नसेल तर घड्याळ चालेल. टॉर्चसोबतचा यूएसबी चार्जर किती करंट देतो ते त्यावर लिहिलेलं असतं. समजा एक अँपिअर आहे आणि पूर्ण उतरलेला सेल दीड तासात भरला. मग त्या सेलने १५०० एमएएचपेक्षा फारशी जास्त वीज घेतलेली असू शकत नाही, वर काहीही छापलेलं असो. खरोखरच्या ९९०० ला याच चार्जरवर जवळपास दहा तास लागले असते.

मात्र वजन पुरेपूर भरलं म्हणजे सेल चांगला, असंही नाही. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असेच १८६५० सेल असायचे. बॅटरी बाद झाली की ती फोडून सेल सुटे करायचे, जुनं वेष्टन सोलून नवं चकचकीत चढवायचं, की झाला ‘नवा’ सेल. डबा खरा, वजन खरं, पण आतली रसायनं थकलेली. अशा सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे करंटला आतून होणारा अडथळा, वाढलेला असतो. चांगल्या सेलचा रोध ३० मिलिओहमच्या आसपास धरला आणि टॉर्चने पूर्ण उजेडाला तीन अँपिअर ओढले, तर सेलच्या आत पाव वॉटच्या आसपास उष्णता होते. थकलेल्या सेलचा रोध २०० मिलिओहम झाला असेल तर तेवढ्याच करंटला १.८ वॉट उष्णता आतच तयार होते, वर ०.६ व्होल्ट वाया जातात. टॉर्च पाच मिनिटांत मंदावते आणि मूठ गरम लागायला लागते, त्यामागे हे गणित आहे.

हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो टॉर्च कोणाच्या हातात असते त्यामुळे. महाराष्ट्रात शेतीपंपाला लाईट पुष्कळदा रात्री येते. दार धरायला, म्हणजे पिकाला पाणी वळवायला, माणूस एकटा बांधावरून जातो, उसाच्या सरीत घोणस असू शकते, आणि जुन्नर-आंबेगावच्या बाजूला बिबट्याही. तिथे टॉर्च दहा मिनिटांत मान टाकणं हाच एक अपघात आहे. आणि हीच माणसं स्वस्त सेलवर सगळ्यात जास्त अवलंबून असतात.

खराब सेलचा खरा धोका चार्जिंगच्या वेळी सुरू होतो. लिथियम-आयन सेलला दोन मर्यादा असतात. वर ४.२ व्होल्ट, खाली साधारण अडीच ते तीन. स्वस्त टॉर्चमध्ये खालच्या मर्यादेला थांबणारं सर्किट पुष्कळदा नसतंच. उजेड मिणमिणता होईपर्यंत ती सेल पिळत राहते. व्होल्टेज फार खाली गेलं की तांब्याच्या पत्र्यातलं तांबं विरघळायला लागतं. पुढच्या चार्जिंगला हे तांबं नको तिथे बसतं आणि त्या पातळ पडद्यातून आतल्या आत शॉर्ट होण्याची वाट तयार होते. सेल त्या दिवशी पेटेलच असं नाही. तो पंधरा दिवसांनी, रात्री चार्जिंगला लावलेला असतानाही पेटू शकतो.

पेटण्याची क्रियाही समजून घेण्यासारखी आहे. शंभर अंशांच्या आसपास ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर तुटायला लागतो आणि त्यातून स्वतःचीच उष्णता निघते. सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो, दोन्ही पत्रे एकमेकांना भिडतात, आणि पुढे उष्णतेनेच उष्णता वाढत जाते. आतला द्रव ज्वालाग्राही असतो, त्याची वाफ आणि वायू दाबाने बाहेर पडायला बघतात. चांगल्या सेलच्या धन टोकाशी त्यांना वाट करून देणारी झडप असते. पण टॉर्च असते धातूची, पाणी शिरू नये म्हणून रबरी कड्यांनी बंद केलेली नळी. सेलने वायू सोडला तरी नळी तो सोडत नाही. म्हणून लॅपटॉपमध्ये नुसता धूर करणारा सेल टॉर्चमध्ये स्फोट करू शकतो.

आता आपल्याकडच्या दुरुस्तीच्या दुकानात सर्रास होणाऱ्या एका गोष्टीबद्दल, कारण माझ्या मते ती बनावट सेलपेक्षाही वाईट आहे. गावोगाव वापरात असलेल्या जुन्या धाटणीच्या मोठ्या चार्जिंग टॉर्चमध्ये चार व्होल्टची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते. मागच्या बाजूला दोन पिना, त्या थेट भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचायच्या. ती टॉर्च उघडलीत तर आत ‘चार्जर’ म्हणून एक कपॅसिटर, चार डायोड आणि एखाददोन रेझिस्टर दिसतील. चार्ज पूर्ण झाला हे ओळखणारं त्यात काहीच नाही. थोडा थोडा करंट जात राहतो. लेड-अ‍ॅसिड बॅटरी हे पुष्कळ दिवस सहन करते. चार्ज होताना तिचं व्होल्टेज ४.८ पर्यंत जातं, जास्तीची वीज पाण्याच्या विघटनात जाते, आणि बॅटरी हळूहळू सुकून मरते.

ती मेली की दुकानदार म्हणतो, “हिच्यापेक्षा लिथियम टाकू, हलकी होईल.” चार व्होल्ट आणि ३.७ व्होल्ट, आकडे जवळचे दिसतात. सेल दोन तारांनी जोडला जातो, चार्जिंगचं सर्किट तेच राहतं. टॉर्च हलकी होते, उजेडही झकास पडतो, गिऱ्हाईक खूश. पण लिथियम सेलकडे जास्तीची वीज निमूटपणे जिरवण्याची सोय नाही. ४.२ व्होल्टच्या वर गेला की ग्रॅफाइटवर धातुरूप लिथियम साचायला लागतं, दुसऱ्या बाजूचं ऑक्साइड अस्थिर होतं, आणि करंट थांबवणारं कोणी नसतं. अशी टॉर्च घरात असेल तर तिची पिन पुन्हा सॉकेटमध्ये घालू नका. लिथियम सेलच घालायचा असेल तर ते जुनं सर्किट काढून ४.२ व्होल्टला थांबणारं लिथियमचं चार्जिंग मॉड्यूल आणि संरक्षण सर्किट घालायला सांगा. या मॉड्यूलची किंमत चहा-वड्याच्या बिलापेक्षा जास्त नसते.

चांगला सेल ओळखायचा कसा? टॉर्चसाठी सुटा सेल घेताना ‘प्रोटेक्टेड’ सेल मागा. त्याच्या ऋण टोकाला नाण्याएवढं सर्किट बसवलेलं असतं. सेल जास्त चार्ज झाला, जास्त उतरला किंवा शॉर्ट झाला की ते त्याचा करंट तोडतं. त्यामुळे हा सेल ६५ ऐवजी ६८ ते ७० मिलिमीटर लांब भरतो, तो आपल्या टॉर्चमध्ये मावतो का हे आधी पाहावं लागतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० सेल विकत घेऊ वा वापरू नका असा इशारा दिला होता. हे सेल मुळात बॅटरी पॅक बनवण्यासाठी असतात, हाताळण्यासाठी नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबरच आहे. ज्याला सेल तपासायचे नाहीत त्याने सेल न काढता यूएसबीने चार्ज होणारी, नावाजलेल्या कंपनीची टॉर्च घ्यावी, किंवा एए मापाच्या निकेल-मेटल हायड्राइड सेलवर चालणारी. तिचा उजेड कमी पडेल, पण ते सेल असे पेटत नाहीत.

भारतात लिथियम सेलना आयएस १६०४६ या मानकाखाली भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो आणि बीआयएस केअर या अ‍ॅपवर तो कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. नुसता क्रमांक छापणं अवघड नाही, म्हणून तो अ‍ॅपवर टाकून बघणं महत्त्वाचं.

घरात मल्टिमीटर असेल तर कामच सोपं होतं. पूर्ण चार्ज झाल्यावर सेल ४.१५ ते ४.२० व्होल्टच्या दरम्यान हवा. ४.२५ च्या वर दिसला तर दोष चार्जरचा आहे, तो चार्जर फेकायचा. मग सेल टॉर्चबाहेर काढून तीन-चार दिवस नुसता ठेवा. वापर नसताना तो ४ व्होल्टच्या खाली आला तर आत कुठेतरी गळती आहे. असा सेल कितीही नवा दिसला तरी बाद. अडीच व्होल्टच्या खाली गेलेला सेल ‘जिवंत’ करण्याच्या युक्त्या पुष्कळ सांगितल्या जातात. त्या करू नयेत, कारण वर सांगितलेलं तांबं तोवर विरघळलेलं असू शकतं.

एक जागा डोळ्यांनी नीट बघण्यासारखी आहे. १८६५० सेलचा अख्खा डबा, अगदी वरच्या काठापर्यंत, ऋण असतो. धन फक्त मधली टोपी. दोघांमध्ये अंतर जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं, आणि त्यांना वेगळं ठेवते ती एक कागदी किंवा प्लॅस्टिकची चकती आणि वरचं पातळ वेष्टन. टॉर्चमध्ये घालता-काढता नेमकं याच कडेला वेष्टन फाटतं. तिथे स्टील उघडं दिसलं तर सेल वापरू नका. सुटे सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवू नका, त्यांना प्लॅस्टिकची डबी हवी.

दोन सेल एकामागे एक लागणाऱ्या टॉर्चमध्ये एक जुना, एक नवा असं कधीही करू नये. दुबळा सेल आधी संपतो, ताकदवान सेल करंट ढकलत राहतो आणि दुबळ्यात उलटं व्होल्टेज तयार होतं. जोडी एकाच वेळी घ्यावी, एकाच वेळी बदलावी.

उन्हाळ्यात विदर्भात पारा ४५ च्या घरात असतो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून जास्त. सेल बनवणाऱ्या कंपन्या चार्जिंगसाठी ४५ अंश हीच वरची मर्यादा देतात. तेव्हा मे महिन्यात चार्जिंग पहाटे करावं, समोर माणूस जागा असताना. गादीवर नाही, फरशीवर. बराच काळ वापर नसेल तर सेल अर्धवट, ३.७-३.८ व्होल्टला ठेवावा, तो जास्त टिकतो.

चार्ज होताना सेलमधून फुसफुस आवाज, गोडसर वास किंवा धूर आला तर टॉर्च हातात घेऊन झाकण उघडायला जाऊ नका. जमलं तर मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा. आग लहान असेल तर लाईट बंद झाल्याची खात्री करून लांबून भरपूर पाणी ओता, सेल थंड होणं महत्त्वाचं. धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असू शकतो, तो छातीत जाता कामा नये.

बाद सेल घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो, सेल चेपतो आणि आग लागते, मग त्यात सापडतात ते सफाई कामगार. चुलीत किंवा शेकोटीत तर मुळीच नको. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या डबीत ठेवा आणि ई-कचरा संकलनात द्या. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ नुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा विकणाऱ्या दुकानातही जुना सेल घ्या म्हणून विचारा.