नात्यात लग्न केलं म्हणून? नाही हो!

"नात्यात लग्न केलं ना, म्हणून पोरगं असं झालं" हे किती वर्षं ऐकतोय. काउचॉक सिंड्रोम या नसांच्या आनुवंशिक आजाराला तरी हे लागू नाही. यात बिघडलेला जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलग्याला एक्स मिळतो फक्त आईकडून, मग बाप आतेभाऊ असो नाहीतर पार परक्या गावचा, काय फरक पडतो? आई कॅरिअर (म्हणजे तिच्या दोनपैकी एका एक्सवर तो बिघडलेला जीन) असेल तर प्रत्येक मुलग्याला चान्स ५० टक्के, आणि तिला स्वतःला बहुतेकदा काही त्रासच नसतो त्यामुळे तिला कळणार कसं (तिलाही टोमणे नकोत). पोराच्या नसा लहानपणीच कमजोर होतात, पाऊल पुढून लोंबतं, मग गुडघा उंच उचलून फटफट चालतो, बऱ्याच जणांना ऐकू येत नाही, काहींना शिकायलाही जड जातं. पण कान न तपासताच त्याला ढ ठरवू नका.