रुआ औगुश्ता : लिस्बनच्या हमरस्त्याची पार्श्वभूमी

लिस्बनच्या बायशा या सखल भागातल्या जुन्या इमारती एकेक करून हॉटेलांच्या ताब्यात जात आहेत. त्यावर वाद झाला की बोललं जातं ते दर्शनी भिंती, गॅलऱ्या आणि टाइल्सबद्दल. इथला हमरस्ता असलेल्या रुआ औगुश्ताचं मोल मात्र भिंतींच्या आत आणि जमिनीखाली आहे, आणि त्याची मुळं १७५५ च्या भूकंपानंतरच्या तीन वर्षांत झालेल्या निर्णयांत आहेत.

त्याआधी हा रस्ता नव्हताच. शहराचा मुख्य रस्ता होता रुआ नोवा. तेराव्या शतकाच्या अखेरीस झालेला हा रस्ता नदीकाठाला समांतर, पूर्व-पश्चिम जात असे. सोळाव्या शतकात गोवा-कोचीनहून आलेली मिरी, सुती कापड, चिनी मातीची भांडी याच रस्त्यावर विकायला असत.

१ नोव्हेंबर १७५५ चा भूकंप, त्यामागून आलेली लाट आणि मग कित्येक दिवस पेटत राहिलेली आग यांत तो संपला. या संकटाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शहर पुन्हा कसं बांधायचं याचा वाद मात्र फारसा कुणी सांगत नाही.

राज्याच्या मुख्य अभियंत्याने ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, भूकंपानंतर जेमतेम महिन्याभरात, आपल्या टिपणाचा पहिला भाग सादर केला. त्यात पाच वाटा होत्या. होतं तसंच बांधणं ही पहिली. पण तिच्यात पुन्हा भूकंप येणार नाही असं धरून चालावं लागतं, हे त्याने स्पष्ट लिहिलं. उंची तीच ठेवून गल्ल्या रुंद करणं ही दुसरी, रस्ते रुंद करून इमारतींची उंचीही कमी करणं ही तिसरी. चौथी वाट म्हणजे सगळा सखल भाग पाडून, ढिगाऱ्याने जमीन उंच करून, रस्ते नव्याने आखणं. पाचवी म्हणजे ही जागा सोडून पश्चिमेला बेलेमच्या बाजूला नवं शहर वसवणं. भेदरलेला राजा दगडी छताखाली झोपायला तयार नव्हता. त्याचा लाकडी महाल त्याच बाजूच्या टेकडीवर उभा राहिला, त्यामुळे पाचवी वाट केवळ कागदावरची नव्हती.

निवड झाली चौथीची. आजवर तिचं कौतुकच होत आलं आहे आणि नगररचना म्हणून ते योग्यच आहे. तिची किंमत मात्र घरमालकांनी मोजली. मोजणी पुरी होईपर्यंत बांधकामाला बंदी होती. जुन्या वेड्यावाकड्या जागांची नव्या सरळ आखणीशी सांगड घालायची कशी, हा खरा तिढा होता. १२ मे १७५८ च्या फर्मानाने तो तोडला : नव्या नकाशात वाट्याला आलेल्या जागेवर ठरलेल्या नमुन्याप्रमाणे पाच वर्षांत बांधा, नाहीतर हक्क सोडा. हाताशी पैसा असलेले व्यापारी त्यात तरले. लहान मालकांना हे झेपणारं नव्हतं, आणि ही बाजू कौतुकाच्या भरात नेहमी मागे पडते.

या नकाशात हमरस्त्याची दिशाच बदलली. नदीकाठाने जाण्याऐवजी तो रोस्सिउ चौकातून थेट नदीकडे, राजवाड्याच्या जागी आखलेल्या व्यापारी चौकाकडे निघाला. रुंदी साठ पाल्मो, म्हणजे सुमारे १३ मीटर. मधोमध, जमिनीखालून, सांडपाण्याची गटारं. १७६० मध्ये कोणत्या रस्त्यावर कोणता धंदा चालेल हेही ठरवून देण्यात आलं. औगुश्ता लोकर आणि रेशमाच्या व्यापाऱ्यांकडे गेला, सोनार-चांदीकार शेजारच्या रस्त्यांवर.

इमारतींच्या भिंतींत लाकडी वाशांचा आडवा, उभा आणि तिरका सांगाडा आहे. त्याला गायोला, म्हणजे पिंजरा, म्हणतात. हादरा बसला की सांगाडा लवतो, वरचा गिलावा-दगड पडला तरी घर उभं राहतं. नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची परीक्षा घेतली, असं सांगतात. पायाखाली ओल्या गाळात पाईनचे खुंट ठोकलेले आहेत. ते ओले राहिले तरच टिकतात.

व्यापारी चौकात राजाचा पुतळा १७७५ मध्ये बसला. रस्त्याच्या टोकाची कमान पुरी व्हायला पुढचं जवळजवळ शतक गेलं.

विसाव्या शतकात बँका आल्या, आणि प्रशस्त दालनांसाठी तळमजल्यावरच्या भिंती कापल्या गेल्या. वरच्या मजल्यांवरचे रहिवासी हळूहळू निघून गेले. पुढे रस्ता पादचाऱ्यांसाठी राखला गेला. २००४ मध्ये हा सगळा भाग युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेला. २०१३ पासून कमानीवर चढता येतं आणि तिथून दिसणारे एकसारखे दर्शनी भाग पर्यटकांच्या प्रत्येक फोटोत असतात. गेल्या दशकाच्या अखेरीस पालिकेने या भागात पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घरांची नवी नोंदणी रोखली. हॉटेलासाठी लिफ्ट, नळ, न्हाणीघरं बसवताना भिंतीतले तिरके वासे अजूनही आड येतात. परवानगी देताना दर्शनी भिंतीइतकीच या वाशांचीही कसून तपासणी व्हायला हवी, कारण हे शहर आजही भूकंपप्रवण पट्ट्यातच आहे.