गावाशेजारचा सरकारी माळ ‘संवर्धन राखीव’ करून घ्यायचाय? पात्रता, कागदं आणि अर्जाची सगळी माहिती

सोलापूर जिल्ह्यातला नान्नज, मार्डी, अकोलेकाटी, कारंबा हा पट्टा धरा नाहीतर करमाळा, मोहोळ, मंगळवेढ्याकडचे माळ धरा, काळवीट, लांडगा, खोकड काय फक्त अभयारण्याच्या बोर्डापलीकडंच राहत नाहीत, ते गायरानात असतात, वनखात्याच्या तुटक तुकड्यांत असतात आणि ज्वारीच्या रानात तर असतातच. म्हणून बऱ्याच गावांतली पोरं विचारतात की आमच्या गावच्या सरकारी माळाला कायद्याचं काही संरक्षण मिळतं का, आणि मिळत असेल तर अर्ज कुठं टाकायचा. मिळतं. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २००२ च्या दुरुस्तीनं कलम ३६अ आलं, १ एप्रिल २००३ पासून ते लागू आहे, आणि त्याखाली राज्य सरकार सरकारी मालकीची जागा ‘संवर्धन राखीव’ म्हणून जाहीर करू शकतं, ज्याला सगळे कन्झर्व्हेशन रिझर्व्ह म्हणतात. नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळचं ममदापूर हे असंच आहे, आणि ते काळविटांसाठीच आहे, म्हणजे दाट जंगल असलं तरच होतं असं डोक्यात असेल तर काढून टाका, माळरान पण चालतं.

आता पहिली अडचण कागदाची नाही, भीतीची आहे. सोलापुरात ‘अभयारण्य’ म्हटलं की म्हातारी माणसं लगेच हात जोडतात, आणि त्यांचं चुकतंय असं नाही. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं तेव्हा सोलापूर आणि नगर जिल्ह्यातलं मिळून जवळजवळ ८,४९६ चौरस किलोमीटर त्यात धरलं होतं, खाजगी शेतं आणि गावंच्या गावं त्यात आली, मग खरेदी-विक्री, बांधकाम, परवानग्या सगळ्यालाच लोक वैतागले. पुढं ते कमी करून साधारण १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. त्यामुळं गावात हा विषय काढताना पहिल्याच वाक्यात सांगा की हे अभयारण्य नाही, यात कुणाचं खाजगी शेत येत नाही, येऊच शकत नाही, कारण कलम ३६अ फक्त सरकारच्या मालकीच्या जमिनीला लागतं. हे एकदा नीट कळलं की निम्मा विरोध तिथंच संपतो.

पात्रता म्हणजे काय तर माणसाची नाही, जमिनीची. लोक अर्जात चार पानं लांडग्यावर लिहितात आणि गट नंबर लिहायचा राहतो, ऑफिसात मात्र पहिला प्रश्न हाच येतो की जमीन कुणाच्या नावावर. जागा सरकारची पाहिजे एवढी एकच पक्की अट. कायद्यात ‘विशेषतः’ म्हणून दोन प्रकारच्या जागा सांगितल्यात, अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या आणि दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या. म्हणजे अभयारण्याच्या हद्दीला चिकटलेले उत्तर सोलापूरचे सरकारी माळ यात अगदी चपखल बसतात, पण लांबच्या जागेला बंदी आहे असं नाही. जागेत केंद्र सरकारची जमीन असेल (रेल्वे, संरक्षण वगैरे) तर केंद्राची आधी संमती लागते. आणि जाहीर करण्याआधी स्थानिक लोकांशी सल्लामसलत करणं सरकारला कायद्यानंच बंधनकारक आहे, तुमची ग्रामसभा इथं उपयोगी पडते.

मालकी बघायची कशी तर ऑनलाइन महाभूमी पोर्टलवरून सातबारा काढा, डिजिटल सहीचा घ्या, पंधरा रुपयांत येतो, साधा प्रिंट नंतर परत मागतात. वर भोगवटादाराच्या जागी ‘महाराष्ट्र शासन’ किंवा ‘सरकार’ आणि इतर हक्कात ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’ असं दिसलं तर जमीन महसूल खात्याची, ‘वन’ किंवा ‘फॉरेस्ट’ दिसलं तर वनखात्याची. पण सातबाऱ्यावर थांबू नका. तलाठ्याकडं (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) गाव नमुना १-अ म्हणजे वनजमिनीची नोंदवही, १-ब म्हणजे सरकारी जमिनीची आणि १-ई म्हणजे अतिक्रमणाची, या तिन्हीची नक्कल मागा. १-ई मधी नावं निघाली तर ते आधीच माहीत असलेलं बरं, कारण ज्याचं अतिक्रमण आहे तोच ग्रामसभेत सगळ्यात मोठ्यानं बोलणार आहे. आणि हो, बरेच माळ सरकारी कागदात ‘पडीक’ म्हणून पडलेत, पडीक म्हणजे कुणाच्या कामाची नाही असं वाचलं जातं आणि मग तिथं काहीही आणून टाकायला सगळे मोकळे. तुमच्या अर्जात त्या जागेला माळरान म्हणा, गवताळ प्रदेश म्हणा, पडीक हा शब्द स्वतःहून वापरू नका.

आता कागदं. या अर्जाचा ठरावीक छापील फॉर्म कायद्यात दिलेला नाही, साध्या कागदावर अर्ज करायचा, म्हणून सोबत काय जोडता यावर सगळं अवलंबून. सातबारा आणि वरचे गाव नमुने झाले. गट नकाशा लागतो, आणि त्यावर तुम्हाला हवा तो भाग रंगवून द्या, गुगल अर्थवर हद्द आखून त्याची फाइल पेनड्राइव्हमधी दिली तर साहेबांचं काम सोपं होतं. मग प्राण्यांच्या नोंदी, ह्याच्यात खरी मेहनत आहे. फोटो तारीख आणि लोकेशनसकट पाहिजेत, नुसता व्हॉट्सअॅपवर फिरलेला फोटो उपयोगाचा नाही, त्यातली माहिती उडालेली असते. पावलाचा ठसा काढला तर शेजारी पट्टी नाहीतर काडेपेटी ठेवून काढा म्हणजे आकार कळतो. लांडग्याची विष्ठा पांढरट, केसांनी भरलेली असते, तिचा पण फोटो चालतो. काळवीट मोजताना नर, मादी, पिल्लं वेगळी लिहा आणि पावसाळा, थंडी, उन्हाळा तिन्हीतल्या नोंदी असल्या तर उत्तम, नाहीतर आक्षेप येतो की हे फक्त जाता-येता दिसलेले आहेत. काळवीट, लांडगा, माळढोक तिघंही कायद्याच्या अनुसूची १ मधले, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीतले, तेवढं यादीत समोर लिहा. धाविक, चंडोल, पखुर्डी, हिवाळ्यात येणाऱ्या भोवत्या हे पण टाका, माळाचे पक्षी आहेत. एकच सांभाळा, लांडग्याच्या बिळाचं लोकेशन फक्त बंद पाकिटात वनखात्याला द्या, ग्रुपवर टाकलं की दुसऱ्या दिवशी तिथं बाइक घेऊन पोरं उभी.

ग्रामपंचायतीकडं लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडांची, प्राण्यांची वही) असते, जैवविविधता कायदा २००२ खाली प्रत्येक गावात समिती आणि नोंदवही पाहिजेच. २०२० च्या आसपास हरित न्यायाधिकरणाच्या दट्ट्यामुळं घाईघाईत बऱ्याच नोंदवह्या झाल्या, तेव्हा तुमच्या गावच्या वहीत माळ आणि त्यावरचे प्राणी आलेत का ते आधी वाचून बघा, आले असतील तर त्या पानांची सही-शिक्क्याची प्रत जोडा, नसतील तर समितीकडून भर घालून घ्या.

सगळ्यात वजनदार कागद म्हणजे ग्रामसभेचा ठराव. गड्डा (सोलापूरची सिद्धेश्वर यात्रा) उरकला की २६ जानेवारीची ग्रामसभा येतेच, ती धरा, लोक गावात असतात. विषय अजेंड्यावर आधी लिहून घ्या, ‘ऐनवेळच्या विषयात’ घेतलेला ठराव नंतर कुणीही उकरून काढतो. कोरम १५ टक्के मतदार किंवा १०० यातलं जे कमी असेल ते, म्हणजे हजेरी रजिस्टरवर सह्या मोजून घ्या. ग्रामसभेच्या आधी महिला सभा होते, तिथं पण हा विषय मांडा, सरपणाचा प्रश्न तिथंच निघतो. ठरावात गट नंबर, क्षेत्र हेक्टर-आरमधी, चतुःसीमा आणि कलम ३६अ असं स्पष्ट पाहिजे. आणि कृपा करून ठरावात ‘वृक्षारोपण करण्यात यावे’ हे वाक्य घालू नका, सरपंचांना ते फार आवडतं पण उघड्या माळावर ग्लिरिसिडिया लावून गवत मारायचं आणि मग काळवीट कुठं गेलं म्हणून शोधायचं याला काय अर्थ. पाणवठा, गवत आणि वणवा प्रतिबंध एवढं मागा.

धनगर बांधवांना ठरावाआधी बोलवा, नंतर नाही. त्यांचा प्रश्न एकच, मेंढरं चारायला देणार का नाही. याचं खरं उत्तर असं की संवर्धन राखीवला अभयारण्याची सगळी कलमं लागत नाहीत, निवडकच लागतात. आग लावायची नाही (कलम ३०), प्राण्यांना इजा होईल अशी रसायनं, स्फोटकं वापरायची नाहीत (कलम ३२), प्राण्यांना त्रास द्यायचा नाही, कचरा टाकायचा नाही, हद्दीच्या खुणा हलवायच्या नाहीत (कलम २७ मधली पोटकलमं). चराईवर या यादीत थेट बंदी नाही. पण जमीन मुळातच राखीव वन असेल तर भारतीय वन कायद्याचे चराईचे नियम आधीपासूनच आहेत आणि ते राहणारच, तेव्हा सगळं मोकळं राहील असं खोटं आश्वासन देऊ नका. लांडग्यानं मेंढरू मारलं तर भरपाईचा हक्क आहेच, फक्त ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवायचं आणि पंचनामा होईपर्यंत मढं जागेवरून हलवायचं नाही. उन्हाळ्यात ‘नवं गवत चांगलं येतं’ म्हणून माळ पेटवायची जी सवय आहे ती मात्र सोडावी लागंल.

याच यादीवरून दुसरी बाजू पण लक्षात घ्या. अभयारण्याचं कडक कलम २९ (परवान्याशिवाय प्राण्यांचा अधिवास मोडायला बंदी घालणारं) इथं लागत नाही, त्यामुळं हे अभयारण्याइतकं भक्कम नाही. वनजमीन असेल तर ती दुसऱ्या कामाला द्यायला १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागतेच, ते संरक्षण वेगळं आहे. गायरानाला ते नाही, म्हणून गायरान असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना वेगळा अर्ज द्या की महसूल संहितेच्या कलम २२ खाली ही जागा चराईसाठी राखून ठेवलेली आहे, तिचा दुसरा वापर करू नये. कलम २२ च्या जागेचा वापर जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही.

अर्ज द्यायचा उपवनसंरक्षक, सोलापूर यांच्या नावे, प्रत तुमच्या भागाच्या आरएफओंना (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना) आणि गायरान असेल तर तहसीलदारांना. जागा माळढोक अभयारण्याला लागून असेल तर पुणे वन्यजीव विभागाला पण प्रत टाका, अभयारण्य त्यांच्याकडं आहे. दोन प्रती न्यायच्या, एकीवर आवक नंबर, तारीख, शिक्का घेऊनच बाहेर पडायचं. तिथून पुढं मुख्य वनसंरक्षक, मग नागपूरला प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), मग मुख्यमंत्री अध्यक्ष असलेलं राज्य वन्यजीव मंडळ आणि शेवटी राजपत्रात अधिसूचना. कायद्यात याला मुदत नाही, मंडळाची बैठक कधी त्यावर बरंच अवलंबून, तेव्हा दोन-चार महिन्यांत होईल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

जाहीर झाल्यावर कलम ३६ब खाली व्यवस्थापन समिती होते, वनखात्याचा प्रतिनिधी सदस्य सचिव, हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे तीन आणि कृषी, पशुसंवर्धन खात्याचा एकेक. तुमच्या पंचायतीचा माणूस कोण हे त्याच ठरावात सुचवून ठेवा, आणि शक्यतो माळावर रोज जाणारा सुचवा, नाहीतर ते पद पण कुणाच्या तरी पाहुण्याला जातं.

माळ सरकारचा नसून खाजगी किंवा सामूहिक मालकीचा असेल तर कलम ३६क, म्हणजे समुदाय राखीव. तिथं मालकानं किंवा समुदायानं स्वतःहून पुढं यावं लागतं, सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या, एक भाऊ पुण्याला आहे म्हणून त्याची सही राहिली असं चालणार नाही. हे मात्र नीट विचार करून करा, कारण अधिसूचना निघाल्यावर जमिनीचा वापर बदलायला समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी दोन्ही लागतात.

अर्ज पडून राहिला तर भांडत बसू नका, माहिती अधिकार टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, १५० शब्दांच्या आत, एकाच विषयावर, आणि ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ असं न लिहिता ‘आवक क्रमांक अमुकवर आजपर्यंत झालेल्या टिपणीची आणि पत्रव्यवहाराची प्रत द्यावी’ असं लिहा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि फाइल कुठल्या टेबलावर अडकलीय ते त्या टिपणीच्या शेवटच्या सहीवरून कळतं, पुढचं पत्र त्याच टेबलाच्या नावानं.