विमानवाहू जहाजं दुसऱ्या महायुद्धात जन्मली?

'विमानवाहू जहाज ही दुसऱ्या महायुद्धाची देणगी' असं फॉरवर्ड अधूनमधून येतं. समज होणं साहजिक आहे. त्या युद्धातल्या पर्ल हार्बर, मिडवे इथल्या लढायांचेच फोटो आपण पाहिलेले असतात.

पण तारखा लावून बघा. जहाजावरून पहिलं विमान उडालं १४ नोव्हेंबर १९१० रोजी, अमेरिकेच्या 'बर्मिंगहॅम'वरून. चाकं पाण्याला टेकली, तरी ते किनारी पोचलं. १८ जानेवारी १९११ला सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात 'पेनसिल्व्हेनिया'वर विमान उतरलं. थांबवलं कशानं? लाकडी फळ्यांवर आडवे दोर, टोकांना वाळूच्या पिशव्या. विमानाखालचे हुक त्यात अडकले. आज विमानवाहू जहाजांवर उतरणारं विमान अडवणाऱ्या तारांची ही आजीच!

सपाट डेकचं ब्रिटिश 'आर्गस' १९१८चं, जपानचं 'होशो' १९२२चं. कोणत्याही विश्वकोशात या जहाजांच्या नोंदी काढून साल तपासा.